दोन बोटं माया

सत्यक्का येमूलच्या कारखान्यात मी हिशेब लिहितो.
कारखाना म्हणजे साखर पेठेत एक लोखंडी जिना,
वर बारा मशिनी, कटिंगचं एक टेबल,
आणि पाण्याची टाकी.
नळ चार दिवसांआड येतो,
म्हणून टाकीही जमेच्या बाजूला धरतो मी.

शाळांचे गणवेश शिवतो आम्ही.
खाकी, निळे, तपकिरी,
आणि एका शाळेचा न सांगता येण्याजोगा हिरवा.

अक्काची आई विड्या वळायची.
हजार वळल्या की कारकून चिमटीत धरून बघायचा,
वाकडी दिसली की छाट.
छाटीचे पैसे नाहीत, पानं मात्र घरचीच गेलेली.
म्हणून आमच्याकडे बटण तिरकं लागलं
तर बटण उसवतात, मजुरी नाही.

पहिलं मशीन भिशीतून आलं.
नंबर दुसऱ्याच बाईचा निघाला होता,
ती म्हणाली, हिला द्या, माझं काय अडलं नाही.
(अडलं होतं. नवरा दवाखान्यात होता.)
ते पैसे अक्कानं केव्हाच फेडले,
तरी दर दिवाळीला मला विचारते,
"हत्तुरे, भिशीचं किती राहिलंय ओ?"
काही नाही म्हटलं की तिला पटत नाही.

मी लागलो त्याच महिन्यात कागद मांडला.
पँटीच्या पायाला आत दोन बोटं माया.
हजार पँटींना अडतीस मीटर कापड
आपण दुमडून फुकट देतो, अक्का.
ती म्हणाली, "पोरगं जूनमधी असतंय
तेवढंच मार्चमधी राहतंय काय?"
मी म्हटलं, नाही राहत, म्हणूनच नवीन घेतील.
धंदा तोच तर आहे.
"ज्यांना जमतंय ते घेतीलच की," म्हणाली,
आणि कात्री पुन्हा कापडात शिरली.

हैदराबादच्या व्यापाऱ्याला ते पटलं नाही.
अर्ध्या बोटावर भाव पाडून मागत होता.
ऑर्डर गेली. चार मशिनींवर दोन महिने चादर.
वहीत मी लाल शाईनं लिहिलं, जरा ठसठशीतच.

मग शाळा बंद पडल्या.
गठ्ठे छतापर्यंत,
आणि माप घेतलेली पोरं घरात बसून वाढत होती.
उघडल्या तेव्हा एकाचीही पँट घोट्याशी येईना.
इथं मी लिहायला हवं, की मायेनं तारलं.
तसं झालं नाही.
दोन वर्षांची वाढ दोन बोटांत मावत नाही.

अक्कानं आठवीच्या मापाचे गठ्ठे फोडले,
कापून पट्ट्या केल्या,
जिन्याखाली एक मशीन आणून ठेवलं,
आणि पाटी लावली, माझ्याच अक्षरात:
"पँट खाली सोडून मिळेल. पैसे नाहीत."
कुठल्या दुकानाची, ते विचारायचं नव्हतं.
त्या हैदराबादवाल्याच्या पँटीही आल्या.
त्यांना आत काहीच नव्हतं,
सगळी पट्टी आमची.

तेव्हा बाराजणी आळीपाळीनं खाली बसल्या.
त्या तासांची मजुरी मी काढली,
कुणी घेतली, कुणी नाही.
एकीनं घेतली आणि परत आणून
गल्ल्याखाली सरकवली,
मी बघत नाही असं समजून.

त्या वर्षीचा तोटा अजून पुढे ओढतोय.
ऑडिटवाले बोट ठेवतात: ही माया कुठल्या खात्यात?
खर्च म्हणावं तर बिल नाही,
दान म्हणावं तर अक्का रागावते.
मी कच्च्या वहीत ठेवतो, शेवटच्या पानावर, मीटरमध्ये.

दुमड उसवली की आतलं कापड गडद निघतं,
सोलापूरचं ऊन न लागलेलं.
पोरं त्या पट्टीला लाजतात, दप्तर आड धरतात.
मीही धरायचो.
सहावी, सातवी, आठवी, एकच पँट,
तीन गडद रेघा.
कुणी शिवली होती, ठाऊक नाही.
कुणीतरी तेवढं आत सोडलं होतं.